जेसनची मॅनहॅटन वारी, बहुतेक बोटीतच

आठवड्यातून तीन दिवस मी न्यू जर्सीतल्या पार्सिपनीहून बसने मॅनहॅटनला कामाला जाते. लिंकन टनेल तुंबला नसेल तर तासाभरात पोर्ट ऑथॉरिटीच्या स्टँडवर उतरते, आठव्या अव्हेन्यूवर येते आणि बेचाळिसाव्या रस्त्याने सरळ चालत सुटते. पाच-सात मिनिटांत टाइम्स स्क्वेअर. हे एवढ्या तपशिलाने सांगायचं कारण म्हणजे जेसन व्होरहीज, ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या भयपट मालिकेतला मुखवटेवाला खुनी, हा माझा गाववाला आहे. त्याचं क्रिस्टल लेक नावाचं तळं याच न्यू जर्सीतलं. पहिल्या सिनेमाचं शूटिंग जिथे झालं ते ब्लेअर्सटाऊन माझ्या घरापासून रूट 80 ने पश्चिमेला पस्तीस-चाळीस मैलांवर आहे. आणि 1989 साली आलेल्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ मालिकेच्या आठव्या भागात, म्हणजे ‘जेसन टेक्स मॅनहॅटन’मध्ये, हा माणूस तिथून न्यूयॉर्कला जायला काय पकडतो? बोट. तळ्यातून.

माझ्या सतरा वर्षांच्या लेकीने तिथेच सिनेमा थांबवला. “आई, थांब. तळ्यातून जहाज समुद्रात गेलं कसं?”

मी म्हटलं, नकाशा काढ. काढला. ब्लेअर्सटाऊनमधून पॉलिन्स किल नावाची नदी वाहते. ती जाऊन मिळते डेलावेअरला. डेलावेअर दक्षिणेला वाहत ट्रेंटनला येते आणि तिथे खडकांचा उतार आहे, त्याच्यावर मोठं जहाज चढत नाही की उतरत नाही. समजा, जेसनच्या पुण्याईने उतरलं. मग पुढे फिलाडेल्फिया, मग डेलावेअरची खाडी, मग केप मेला वळसा घालून अख्खा जर्सीचा किनारा उजवीकडून डावीकडे नव्हे, खालून वर, आणि मग न्यूयॉर्क. सत्तरएक मैलांच्या प्रवासाला हा द्राविडी प्राणायाम. लेक म्हणाली, “फिलाडेल्फिया वाटेत आहे तर तिथेच उतरायचं ना.” खरं आहे. तिथे राहणं स्वस्तही पडलं असतं.

गंमत सोडा, पण या सिनेमाचं सगळं दुखणं त्या बोटीत आहे. नावात मॅनहॅटन, पोस्टरवर मॅनहॅटन, आणि पडद्यावर तास उलटून जाईपर्यंत ‘लाझारस’ नावाचं जहाज. शंभर मिनिटांचा सिनेमा आहे, तोवरच्या आठांत सगळ्यांत लांब. त्यातला जेमतेम शेवटचा तिसरा हिस्सा शहरात घडतो, आणि त्यातही बहुतेक बोळ, गटारं आणि गोदीचे धक्के हे कॅनडातल्या व्हँकुव्हरचे आहेत. खरं न्यूयॉर्क म्हणून जे दिसतं ते मोजक्या मिनिटांचं.

मी लहान असताना आमच्या एका काकांनी मला नि माझ्या भावाला मुंबई दाखवायला नेलं होतं. कराडहून पहाटे निघालो. गेटवे, राणीची बाग, डबल डेकर, सगळी यादी पाठ. काकांचं काहीतरी काम पनवेलला होतं, ते लांबलं. आम्ही दिवसभर पनवेलच्या स्टँडवर बाकड्यावर बसून वडापाव खाल्ला आणि रात्रीच्या गाडीने परत. घरी आल्यावर काका आजीला म्हणाले, “दाखवली की मुंबई.” हा सिनेमा बघताना मला तेच बाकडं आठवत होतं.

मी हा पहिल्यांदा पाहिला तोही कराडलाच, 1991 च्या कोजागिरीला. वाड्यातल्या सगळ्यांनी वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणला होता. गच्चीवर सतरंज्या, पातेल्यात आटणारं दूध, चारोळ्या कुणी जास्त खाल्ल्या यावरून भांडण. तीन कॅसेट आणायच्या ठरल्या होत्या: एक मोठ्यांसाठी, एक सगळ्यांसाठी, आणि तिसरी चुलतभाऊ, आमचा दादा, गुपचूप घेऊन आला. कॅसेटवर चिठ्ठी नव्हती, बॉलपेनने नुसतं ‘जेसन’ असं लिहिलं होतं. मोठी माणसं खाली झोपायला गेल्यावर ती लागली. मी बारा वर्षांची. इंग्रजी आम्हा कुणालाच धड कळत नव्हतं, तेव्हा दादा संवादांचा अर्थ सांगत होता आणि तो सगळा स्वतःच्या मनचा होता हे मला पुढे वीस वर्षांनी कळलं.

त्या रात्री मी घाबरले. इतकी, की जिन्याने एकटी खाली उतरेना. मग या वर्षी लेकीबरोबर दर शुक्रवारी एक असा पहिल्यापासूनचा क्रम लावला तेव्हा मी मनातल्या मनात आठव्याचीच वाट बघत होते. सात शुक्रवार तिला सांगत होते, थांब, खरा पुढेच आहे. आणि आता स्वच्छ प्रिंटवर पाहिल्यावर कळलं की आम्ही घाबरलो होतो ते कॅसेटला. कॅसेटच्या कॅसेटची ती कॅसेट होती. हेड घाण झालेलं, दादा चित्र स्थिर करायला सारखं ट्रॅकिंगचं बटण फिरवतोय, पडद्यावर पांढरे पट्टे धावतायत, आणि जहाजातले सगळे प्रसंग मिट्ट काळे. त्या काळोखात काय चाललंय ते दिसतच नव्हतं, फक्त किंकाळ्या. आता दिसतं. लाल दिवा, वाफ, लोखंडी जिना, आणि त्या जिन्यावरून चालत येणारा एक ओला माणूस. मग दुसरा लोखंडी जिना. मग पुन्हा पहिला, दुसऱ्या बाजूने.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिला भाग 1980 चा, दिग्दर्शक शॉन कनिंगहॅम. साधारण साडेपाच लाख डॉलरमध्ये केलेला आणि एकट्या अमेरिकेत जवळपास 4 कोटी डॉलर कमावलेला. ब्लेअर्सटाऊनजवळच्या एका खऱ्या स्काउट कॅम्पवर शूटिंग. जेसन नावाचा मुलगा तळ्यात बुडाला, कॅम्पवरची पोरं आपापल्या उद्योगात होती, लक्ष दिलं नाही, म्हणून खून. गंमत म्हणजे त्यात खुनी जेसन नाहीच, त्याची आई आहे. (हे आता फोडलं तर चालतं. चव्वेचाळीस वर्षांच्या वर झाली.) जेसन मोठा होऊन दुसऱ्या भागात येतो, डोक्यावर पोतं घालून. तो प्रसिद्ध हॉकीचा मुखवटा मिळतो 1982 च्या तिसऱ्या भागात. चौथ्यात मरतो, पाचव्यात तो नसतोच, दुसराच कुणी त्याच्या नावावर कामं उरकतो, सहाव्यात वीज पडून थडग्यातून उठतो, सातव्यात मनाच्या जोराने वस्तू हलवणारी मुलगी त्याला तळ्याच्या तळाशी पोचवते.

म्हणजे या मालिकेकडून कुणी अभिजात कलाकृतीची अपेक्षा ठेवत नव्हतं. मी तर नाहीच. स्लॅशरचं, म्हणजे एकामागून एक खून पाडणाऱ्या भयपटाचं, गणित अगदी सोपं असतं: थोडे पैसे, अनोळखी चेहरे, एक जंगल, एक सुरा, आणि प्रेक्षकाला ठाऊक असलेला क्रम. माझ्या आजीच्या भाषेत, भाकरीला भाकरीची चव असली की पुरे. पण जंगल आणि तळं सात वेळा करून झाल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं की याला शहरात सोडू. ही कल्पना फार चांगली होती, हे मी आजही म्हणेन. ज्या राक्षसाला बघून गावाकडची पोरं पळतात, त्याला टाइम्स स्क्वेअरच्या गर्दीत सोडला तर कुणी मान तरी वर करेल का? या एका प्रश्नावर अख्खा सिनेमा उभा राहिला असता.

लिहिणारा आणि दिग्दर्शन करणारा रॉब हेडन, त्याचा थिएटरसाठीचा हा पहिलाच सिनेमा. त्याच्या मूळ आराखड्यात ब्रुकलिन ब्रिज होता, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉक्सिंगची लढत होती, ब्रॉडवे होतं, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा होता. मग स्टुडिओने पैशाचा हिशोब मांडला. पाच मिलियनच्या थोडं वर, म्हणजे पन्नास लाख डॉलरच्या आसपास बजेट, मालिकेतलं तोवरचं सगळ्यांत मोठं, पण न्यूयॉर्कमध्ये रस्ते अडवून शूटिंग करायला ते चहापाण्याला पुरलं असतं. एकेक जागा गळत गेली, आणि जहाजाचा भाग फुगत गेला. हेडनने स्वतः पुढे मुलाखतींतून हे मोकळेपणाने कबूल केलं आहे, त्यामुळे त्या माणसावर माझा राग नाही. राग आहे तो नाव तेच ठेवणाऱ्यांवर. ‘जेसन बोटीवर’ असं नाव दिलं असतं तर मी तिकीट काढलं नसतं, पण तक्रारही केली नसती.

जाहिरात मात्र काय सुरेख! टीझरमध्ये संध्याकाळचं मॅनहॅटन दिसतं, उंच इमारतींवर उतरतं ऊन, छानसं संगीत, आणि पाठमोरा उभा एक माणूस शहराकडे बघतोय. तो वळतो, तर मुखवटा. संपलं. त्या एवढ्याशा तुकड्यात जी कल्पना आहे ती पुढच्या शंभर मिनिटांत नाही. पहिल्या पोस्टरवर जेसन ‘आय लव्ह न्यूयॉर्क’चं ते लाल बदामाचं चिन्ह सुऱ्याने फाडून बाहेर येत होता. न्यूयॉर्कच्या पर्यटनवाल्यांनी हरकत घेतली आणि पोस्टर बदलावं लागलं. त्यांनी सिनेमा आधी पाहिला असता तर उलट आभार मानले असते, त्यांच्या शहराला धक्कासुद्धा लागलेला नाही.

तर जहाज. लेकव्ह्यू हायस्कूलची पोरं पास झाल्याच्या आनंदात न्यूयॉर्कला निघाली आहेत. पोरं म्हणजे किती? जहाज एवढं मोठं, पार्टी म्हणतात, नाचायची जागा आहे, रंगीत दिवे आहेत, आणि माणसं बघावीत तर एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसतील एवढी. सुरुवातीलाच एक खलाशी येऊन सांगतो की या प्रवासाचं काही खरं नाही, सगळे मरणार. प्रत्येक भागात असा एक म्हातारा लागतोच, पण इथे तो जहाजाच्या नोकरीत आहे. असं बोलणाऱ्याला पगारावर ठेवतं कोण?

नायिका रेनी. तिला पाण्याची भीती. लहानपणी काकाने (पुन्हा काका!) पोहायला शिकवायचं म्हणून तिला क्रिस्टल लेकमध्ये ढकललं होतं, आणि पाण्याखाली तिला बुडालेला लहानगा जेसन दिसला होता. आता जहाजावर तिला तो सारखा दिसतो, खिडकीत, आरशात. इथे एक खरी गोष्ट दडलेली आहे, मी ताठ होऊन बसलेही. पण तो मुलगा दरवेळी वेगळा दिसतो. एकदा अगदी साधा गोंडस, एकदा सुजका, एकदा विद्रूप. लेकीने विचारलं, “हे मुद्दाम आहे का?” मी थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हटलं, नाही गं.

रेनीच्या शाळेतली बाई तिला एक पेन भेट देते आणि म्हणते की हे स्टीफन किंगचं शाळेतलं पेन आहे. ते कुठून आलं विचारू नका, सिनेमाही सांगत नाही. ते पेन पुढे जेसनच्या डोळ्यात जातं. एवढाच त्याचा साहित्यिक उपयोग.

खुनांबद्दल बोलायलाच हवं, कारण या मालिकेचा धंदाच तो. पहिल्या भागात टॉम सॅव्हिनी नावाच्या कारागिराने रबर, नळ्या आणि लाल पाक यांच्या जोरावर जे करून ठेवलं होतं ते आजही बघताना हात आपोआप गळ्याकडे जातो. पुढे अमेरिकेतल्या सेन्सॉरसारख्या मंडळाने, एमपीएएने, प्रत्येक भागाला कात्री लावत नेली. सातव्याची तर पार चिंधी केली होती. आठव्यापर्यंत येता येता करणाऱ्यांनीच हाय खाल्ली असावी. इथे बहुतेकांचा गळा दाबतात, ढकलतात, फेकतात. एका मुलीला तिच्याच इलेक्ट्रिक गिटारने मारतात, सॉनात बसलेल्या एकाच्या पोटात तापलेला दगड घालतात, आणि या दोन सोडल्या तर जहाजावरचं काही सकाळी आठवत नव्हतं. आणि जेसन चालतो कसा? चालतच नाही. मुलगी धावते, मागे वळून बघते, तो लांब आहे. पुढे बघते, तो समोर उभा. एका नाचायच्या खोलीत तर तो चार कोपऱ्यांत आलटून पालटून प्रकट होतो. आमच्याकडे दत्तजयंतीच्या कीर्तनात बुवा असं एकाच वेळी सगळीकडे असण्याचं वर्णन करायचे, पण ते देवाचं होतं.

या सगळ्यात केन हॉडरची मला दया आली. सातव्या भागापासून मुखवट्यामागे हा स्टंटमन आहे, आणि माणूस फक्त खांद्यांनी अभिनय करतो. मान आधी वळते, मग धड. श्वास घेताना अख्खी छाती रागाने वर येते. इतकी मेहनत, आणि त्याला दिलंय काय तर जिने चढ, जिने उतर.

मग जहाज सोडून निघालेल्यांची होडी एकदाची न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागते. उतरल्या उतरल्या दोन गर्दुल्ले रेनीला पळवतात आणि तिच्या दंडात सुई खुपसतात. 1989 च्या न्यूयॉर्कचं ते हॉलिवूडचं ठरलेलं चित्र: प्रत्येक बोळात वाफ, प्रत्येक पिंपात आग, प्रत्येक कोपऱ्यावर सुरी. मी इथे आले तेव्हा ते शहर उरलंच नव्हतं, त्यामुळे खरं-खोटं मी काय सांगणार. पण बोळ एकच आहे हे मी नक्की सांगते. त्याच भिंतीवरून चारदा पळतात.

आता या सिनेमातलं एक दृश्य मी कुणालाही दाखवीन. ज्युलियस हा शाळेचा बॉक्सर. पळता पळता तो एका इमारतीच्या गच्चीवर पोचतो, पुढे कठडा, मागे जेसन. पळायला जागा नाही, तेव्हा तो मुठी आवळतो. आणि मारायला लागतो. एक-दोन नव्हे, मारतच राहतो. जेसन नुसता एकेक पाऊल मागे सरकतो, मान हलते, मुखवट्यावर ठोसे वाजतात. कॅमेरा मोकळा, लांबून, मध्ये कापाकापी फार नाही. ज्युलियसचे हात सोलवटतात, दम लागतो, ठोसे आधी जड आणि मग नुसते थापटल्यासारखे पडतात, आणि शेवटी तो थकून उभा राहतो, हात खाली सोडतो आणि म्हणतो, आता तुझी पाळी, मार. जेसन एकच ठोसा मारतो. मुंडकं उडून गच्चीवरून खाली घरंगळतं, सरळ कचऱ्याच्या डब्यात, आणि डब्याचं झाकण आपोआप बंद होतं.

आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतून नवरा बघायला आला. गच्चीवर कोजागिरीला याच जागी दादाने “ज्युलियस म्हणतोय मला सोड, माझी आई आजारी आहे” असं भाषांतर केलं होतं आणि मी रडले होते.

त्या दृश्यात काय आहे? एक माणूस आहे, त्याला एक गोष्ट येते, ती तो पूर्ण जोर लावून करतो, आणि ती कमी पडते. बस. एवढं तर प्रत्येक पोराला देता आलं असतं. गिटारवालीला गिटार, कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला कॅमेरा, कॅप्टनच्या पोराला जहाज. सामान सगळं आणून ठेवलेलं आहे, वापरलं एकदाच.

आणि मग टाइम्स स्क्वेअर. रेनी आणि तिचा मित्र सबवेतून धापा टाकत वर येतात, मागून जेसन, आणि अचानक पडदा रुंद झाल्यासारखा वाटतो. दिवे, पाट्या, पिवळ्या टॅक्सी, खरी माणसं. जेसन मध्ये उभा राहून वर बघतो, कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो. फुटपाथवर काही टगे मोठा टेपरेकॉर्डर लावून बसलेत, तो चालता चालता त्याला लाथ घालतो. ते सुरे काढून उठतात. जेसन त्यांच्याकडे वळतो, मुखवटा जरासा उचलून चेहरा दाखवतो. आपल्याला दिसत नाही, त्यांना दिसतो. ते माफी मागत पळतात. दुसरीकडे एका खाणावळीत ही दोघं ओरडत शिरतात की एक वेडा आमच्या जिवावर उठलाय, तर वाढणारी बाई ढिम्म. या शहरात हे रोजचंच, असा तिचा चेहरा. हीच ती कल्पना! हाच तो प्रश्न, ज्याच्यासाठी मी तासभर बोटीत बसले होते! त्या खाणावळीत जेसन ज्या आचाऱ्याला उचलून आरशावर फेकतो तो केन किर्झिंगर पुढे 2003 मध्ये स्वतःच जेसन झाला, हे मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे त्याला प्रमोशन मिळालं.”

मी त्या चौकातून आठवड्याला तीनदा जाते, म्हणून मी सिनेमा मागे घेऊन पुन्हा पाहिला, कुठली पाटी कुठे होती ते शोधत. आज तिथे लाल एल्मो आणि दोन-तीन स्पायडरमॅन पर्यटकांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात आणि मग पैसे मागतात. जेसन आज तिथे आला तर पहिल्या पाच मिनिटांत एखादी आई त्याच्या हातात पोर देईल. त्या जागेत एवढं भरलेलं आहे, आणि सिनेमा तिथून काही मिनिटांत पळ काढतो. कुठे? गटारात.

शेवट तर सांगवत नाही, पण सांगते. न्यूयॉर्कच्या गटारांत रोज मध्यरात्री विषारी रसायनांचा लोंढा सोडतात म्हणे. रोज! वेळापत्रकाप्रमाणे! गटारात काम करणारा माणूस हे अशा सुरात सांगतो, जणू आज पाणी दहा मिनिटं लवकर येणार आहे. लोंढा येतो, जेसन वितळतो, आणि वितळून उरतो एक लहान मुलगा, चड्डीवर, शांत झोपलेला. का? रेनीचं भूत उतरलं म्हणून? पाप धुतलं गेलं म्हणून? मी तीनदा पाहिलं. लेक म्हणाली, रसायनाने माणूस लहान होत असेल तर बायका रांगा लावतील. नंतर रेनी आणि तिचा मित्र पुन्हा टाइम्स स्क्वेअरला येतात, आणि तिचा कुत्रा टोबी, जो मघाशी कुठेतरी हरवला होता, तो इतक्या मोठ्या शहरात बरोबर त्यांना शोधत येतो. अख्ख्या सिनेमात न्यूयॉर्क नीट फिरलेला एकटा तोच.

28 जुलै 1989 ला तो लागला आणि अमेरिकेत साधारण 1 कोटी 43 लाख डॉलरवर थांबला. तोवरच्या आठांत सगळ्यांत कमी. पॅरामाउंटने मालिकेतून अंग काढून घेतलं, आणि पुढचा भाग चार वर्षांनी दुसऱ्याच स्टुडिओकडून आला. मला विचाराल तर पाचपैकी दीड. एक ज्युलियसचा, अर्धा त्या टेपरेकॉर्डरच्या लाथेचा. पहिल्यांदाच ही मालिका बघणार असाल तर पहिला बघा, मग चौथा, मग सहावा, तो तर स्वतःच स्वतःची टिंगल करतो आणि तरी घाबरवतो. आठव्याला हात लावायचाच असेल तर आधी टीझर बघा, मग तासभराने पुढे ढकलून गच्चीपासून सुरू करा, आणि गटार आलं की बंद करा. वीसेक मिनिटांचं छान काम आहे.

कराडला दादाला व्हॉट्सॲपवर कळवलं की तुझा जेसन परत पाहिला, काही दम नाही. त्याचं उत्तर आलं, “ट्रॅकिंग नीट लावलं नसशील.”

पुढच्या शुक्रवारी नववा. लेकीने आत्ताच नाव काढून ठेवलंय, ‘द फायनल फ्रायडे’. मला विचारत होती, फायनल म्हणजे खरंच शेवटचा का? मी म्हटलं, चौथ्याच्या नावातही ‘फायनल’ होतं, वर्ष भरायच्या आत पाचवा आला. आणि मॅनहॅटनचं काय झालं ते तर तू आत्ताच पाहिलंस.